पुढचा ओटू सेन्सर: कोड म्हणतो लीन, प्लग म्हणतात रिच

मंडळी, जुन्या हॅचबॅकचा अपडेट. पेट्रोल, बीएस४, दोन ओटू सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारे), एक कॅटकॉनच्या (धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या) आधी नि एक नंतर. चेक इंजिनचा दिवा, कोड पी०१७१, म्हणजे मिश्रण लीन, हवा जास्त पेट्रोल कमी (रिच म्हणजे याच्या उलट). लाँग टर्म ट्रिम (पेट्रोलची कायमची दुरुस्ती, टक्क्यांत) अधिक वीसच्या वर जाऊन बसलेला, म्हणजे ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) ठरलेल्यापेक्षा वीस टक्के जास्त पेट्रोल ओततोय आणि सेन्सर तरी म्हणतोय कमी पडतंय. आता ई२० (वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल) मुळे जुन्या गाड्यांत ट्रिम थोडा वर दिसतोच, इथेनॉलमध्येच ऑक्सिजन असतो, पण वीसचा आकडा नुसत्या ई२० वर ढकलता येत नाही.

इथे वडोदऱ्यात मकरपुऱ्याच्या एका गॅरेजवाल्या भाईंनी स्कॅनर लावला आणि लगेच निकाल, "सेन्सर गयुं छे, नवुं नाखी दो" (सेन्सर गेलाय, नवा टाका). मी थांबलो, कारण लीनचा कोड आला की बहुतेक वेळा सेन्सर बिचारा खरंच सांगत असतो, हवा कुठून तरी आत येत असते किंवा गाडीतल्या फ्यूएल पंपाचं प्रेशर पडलेलं असतं, आणि लोक निरोप आणणाऱ्यालाच बदलून मोकळे होतात.

पण माझ्याकडे गोष्टी जुळत नव्हत्या. स्पार्क प्लग काढले तर काळेकुट्ट, कोरडी काजळी. सायलेन्सरला पेट्रोलचा वास, अ‍ॅव्हरेज पडलेलं. इंजिन खरंच लीन चालत असतं तर प्लग पांढरट निघाले असते ना? तरी शंका नको म्हणून थंड इंजिनवर सायलेन्सरमधून व्हॅक्यूम क्लीनरची हवा उलटी सोडली आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (इंजिनमधून धूर बाहेर नेणाऱ्या पाइपांच्या) जोडांवर साबणाचं पाणी मारलं, कारण सेन्सरच्या आधी जरा जरी लीक असली तरी बाहेरची हवा खेचली जाते आणि तो खोटं लीन दाखवतो. एकही बुडबुडा नाही. इनटेकला (हवा आत घेणाऱ्या बाजूला) लीक असती तर आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) ट्रिम वाईट आणि २५०० आरपीएमला बराच सुधारला असता, माझा दोन्हीकडे सारखाच वाईट.

मग गाडीच्या ओबीडी सॉकेटला (स्कॅनर लावतात तेच) ब्लूटूथ डोंगल लावून मोबाइलच्या अ‍ॅपवर दोन्ही सेन्सरचे ग्राफ शेजारी शेजारी ठेवले आणि इथे मजा आली. पुढचा सेन्सर गरम इंजिनवर ०.१ ते ०.९ व्होल्ट असा भराभर वरखाली नाचायला हवा, ०.४५ च्या दोन्ही बाजूंना (वर म्हणजे रिच, खाली म्हणजे लीन). माझा शून्यावर आडवा, मधूनच रांगत ०.३ पर्यंत. आणि मागचा? ०.८ वर ठाण मांडून. म्हणजे एकाच सायलेन्सरमधला धूर एकाला लीन वाटतोय आणि दुसऱ्याला रिच, आणि प्लगची साक्ष मागच्याच्या बाजूने.

आता मल्टिमीटर. माझ्या सेन्सरला चार वायरी, दोन पांढऱ्या हीटरच्या, काळी सिग्नलची, करडी सिग्नलच्या ग्राउंडची (दुसऱ्या मेकमध्ये रंग वेगळे असतात, बघून घ्या). हीटर साधारण ९ ओहम, ठीक. सिग्नल मोजताना वायर टोचली नाही, कपलरच्या (वायरींच्या कनेक्टरच्या) ईसीयूकडच्या बाजूने मागून बारीक टाचणी सरकवली आणि काळी ते करडी मोजलं, बॉडीला नाही, कारण काही गाड्यांत सेन्सरचं ग्राउंड बॉडीपेक्षा थोडं वर ठेवलेलं असतं. मीटरवर आलं उणे ०.२! अ‍ॅपमध्ये हे कधीच दिसलं नसतं, कारण ओबीडीत या सेन्सरचा आकडा शून्य ते १.२७५ व्होल्ट एवढाच जातो, उण्याची सोयच नाही. नुसत्या अ‍ॅपवर सेन्सर तपासणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.

व्होल्टेज उणे का जातं, तर हा झिरकोनिया या सिरॅमिकचा सेन्सर धुरातला ऑक्सिजन बाहेरच्या हवेतल्या ऑक्सिजनशी ताडून बघतो, म्हणजे त्याला आतून ताजी हवा लागते. बॉशचा १९७६ मध्ये व्हॉल्वोत आला त्या काळच्या सेन्सरना त्यासाठी बाहेरून भोकं असायची, नंतरचे वॉटरप्रूफ झाले तेव्हापासून ती हवा वायरीच्या तारांमधल्या फटीतून जाते, कपलरकडून. हो, वायर श्वास घेते! तो श्वास कोंडला किंवा आत कसली वाफ गेली की संदर्भाच्या हवेतला ऑक्सिजन घटतो, सगळं व्होल्टेज खाली सरकतं, आणि ईसीयूला धूर कायम लीन वाटतो.

कोंडला कशाने तेही सापडलं. ऑगस्ट २०२४ च्या पुरात विश्वामित्री नदी आमच्या सोसायटीत आली होती, गाडी दाराच्या पट्टीपर्यंत पाण्यात. पाणी ओसरल्यावर वायरिंगवाल्याने खालचे सगळे कपलर उघडले, सुकवले आणि पुन्हा गंज नको म्हणून ग्रीस ठासून भरलं. बाकी कपलरना ते चालून जातं, ओटूच्या कपलरला अजिबात नाही. ग्रीस पुसून, क्लीनरने धुऊन कपलर रात्रभर उघडा ठेवला तर सकाळी उणे आकडा गायब, सेन्सर ०.६ पर्यंत चढायला लागला, पण आळसटलेला, आणि काही दिवसांत परत खाली बसला. ग्रीस तारांमधून आत मुरलेलं असणार, ते काही निघत नाही.

मग भाईंचं ऐकलं, नवा आणला, फक्त मूळ कपलरसकटचा. युनिव्हर्सल स्वस्त मिळतो पण त्याच्या वायरी जोडायला लागतात, आणि त्या सोल्डर केल्या की तारांच्या फटी बुजल्या, परत तेच रडगाणं. जोडायच्याच असतील तर क्रिंप करा (धातूच्या नळीत घालून दाबा). जुना काढायला २२ चं फट असलेलं सॉकेट, इंजिन जरा कोमट असताना. अँटिसीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायची पेस्ट) फक्त आट्यांवर, टोकाला बोट पण लावू नका.

हालोल रोडवर मोकळी पळवून आणली. पुढचा आता ०.१ ते ०.८५ छान नाचतोय, ट्रिम एक आकडी झालाय, मागचा ०.६५ च्या आसपास शांत. मागच्याच्या कपलरमध्ये पण तेच ग्रीस आहे, रविवारी तो उघडतोय. आणि इतके महिने कॅटकॉनने रिच धूर खाल्लाय, त्यामुळे पी०४२० (कॅटकॉन कमजोर झाल्याचा कोड) येतोय का यावर नजर आहे. आला तर ग्राफ टाकतो.