कोंबडीचं पुस्तक : दुसरी डमी शिवून झाली

आठवडी बाजारात पाटीतून सुटलेल्या कोंबडीच्या शब्दविरहित पुस्तकाची दुसरी डमी, म्हणजे छपाईआधीचा हाताने केलेला नमुना, तयार झाली. साधेच कागद मधोमध दुमडून घडीवर दोऱ्याने शिवलेत. पानं ३२, म्हणजे १६ पानांचे दोन फर्मे (एकत्र शिवलेले गठ्ठे). नावाचं पान वगैरे सोडून गोष्टीला जी जोडपानं (समोरासमोरची दोन पानं) उरतात, ती तीन-चार वर्षांच्या मुलांना भरपूर होतात.

या खेपेला जवळजवळ सगळा वेळ पान उलटण्यावर गेला. शब्दांच्या गोष्टीत ‘तेवढ्यात’ म्हटलं की पुढे सरकता येतं. इथे ते काम पानाला करावं लागतं. म्हणून मी आता प्रत्येक जोडपानाची उजवी कड आधी रेखाटते. कोंबडी सुटते तिथे डावीकडे पाटीवरची जाळी कलंडलेली आहे, मधे मसालेवाल्याचा हळदीचा ढीग विस्कटलाय, जमिनीवर तीन बोटांची पिवळी पावलं उमटलीत आणि अगदी उजव्या टोकाला गोणीमागून शेपटीची दोनच पिसं दिसतात. शेजारच्या चिमुरडीच्या हातात डमी दिली, तर तिने एका हाताचं बोट त्या पिसांवर ठेवलं आणि दुसऱ्या हाताने पान उलटलं! मी एक शब्दही बोलले नव्हते.

पुस्तकभर रंग फक्त हळदीचा, बाकी सगळं कोळशात. कमी रंगांत किती सांगता येतं हे मी कोरियाच्या सुझी ली यांच्या ‘वेव्ह’मधून (२००८) शिकले. त्यात काळ्या-पांढऱ्याच्या जोडीला फक्त निळा आहे. मुलगी डाव्या पानावर, समुद्र उजव्या पानावर आणि मधली घडी हीच दोघांमधली सीमा. बहुतेक चित्रकार घडीत चेहरा अडकू नये म्हणून जपतात. सुझी ली यांनी घडीलाच गोष्टीत घेतलं. माझ्या बाजारात तिथे पालाचा बांबू उभा केलाय. कोंबडी त्याच्या अलीकडे, मालकीण पलीकडे.

दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरं मात्र पुसून टाकली. इटलीच्या लॅम्पेदुसा बेटावर येणाऱ्या स्थलांतरितांच्या आणि तिथल्या स्थानिक मुलांसाठी ‘इब्बी’ या बालपुस्तकांसाठी काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१२ पासून जगभरातली अशी शब्दविरहित पुस्तकं जमवली. एकमेकांची भाषा न येणारी दोन मुलं एकाच पुस्तकावर वाकू शकतात, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. मग ‘ताजी भाजी’ची पाटी तरी कशाला? तिथे आता तराजू आहे.

शेवटची दोन जोडपानं अजून कच्ची आहेत. मालकीण पावलांचा माग काढत येते हे नक्की, पण पावलं फिकट होत जाताना पिवळा रंग कुठवर टिकवायचा, ते मोठ्या आकारात रंगवून बघायचंय. कोळशावर पिवळा मळू न देता लावायची कुणाची खात्रीची पद्धत असेल, तर जरूर सांगा.