आता आत येऊन दाखवा

सुवर्णमहोत्सवी अंकातलं हे पान मी प्राथमिकच्या मुलांसाठी लिहितो आहे. किल्ला कसा पाहायचा हे मी त्यांच्याच वयात, आमच्या इतिहासाच्या बाईंकडून शिकलो. सहल देवगिरीच्या, म्हणजे दौलताबादच्या किल्ल्यावर गेली होती. बाईंनी आम्हाला पहिल्या दरवाजासमोर उभं केलं आणि म्हणाल्या, “तुम्ही शत्रू. आता आत येऊन दाखवा.”

आम्ही आरडाओरडा करत सुटलो, पण सरळ वाट नाहीच! दरवाजातून आत शिरलं की लगेच वळण आणि समोर भिंत. दार फोडायला हत्तीला लांबून धाव घ्यावी लागते. तेवढी जागाच इथे ठेवलेली नाही. शिवाय दारांवर अणकुचीदार लोखंडी खिळे. तिथे अडकलात, की वरच्या तटावरून तुमच्यावर मारा.

पुढे कातळात कोरलेला खोल खंदक. त्यापलीकडे डोंगराचा पायथा तासून भिंतीसारखा सरळ उभा केलेला, सुमारे पन्नास मीटर. खंदकावरचा पूल अरुंद, त्यामुळे फौज केवढीही असो, एका वेळी चारदोन माणसंच पुढे येणार.

आणि मग अंधारी! डोंगराच्या पोटातून वळणं घेत वर चढणारा काळाकुट्ट पायऱ्यांचा बोगदा. वटवाघळांचा उग्र वास, एकमेकांचे हात घट्ट धरलेले. वरच्या तोंडाशी लोखंडी झाकण असे. त्यावर विस्तव पेटवला की वाट बंद. मला अजूनही हीच युक्ती सगळ्यांत भारी वाटते. एवढा शूर शत्रू, पण त्याला पुढचं पाऊलही दिसत नाही.

मग असा गड पडला कसा? आम्ही हेच विचारलं. १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजी चालून आला, तेव्हा इथल्या यादव राजांची मोठी फौज बाहेर होती. गडावर घाईने चढवलेल्या पोत्यांत धान्याऐवजी मीठ निघालं, असं तवारिखांत, म्हणजे जुन्या इतिहासग्रंथांत सांगतात. १६३३ साली मोगलांनी बाहेरचे तट सुरुंगांनी फोडले, पण बालेकिल्ल्यातले, म्हणजे सगळ्यांत आतल्या उंच भागातले लोक शरण आले ते उपासमारीने. हे ऐकून आमच्यातली दोघं रडवेली झाली होती.

देवगिरीला गेलात की मेंढा तोफेजवळ गर्दी करालच, करा. पण हत्ती हौद हा पाण्याचा मोठा हौदही पाहा, आणि वेढ्यात अडकलेल्या माणसांना पाणी किती दिवस पुरलं असेल, ते तुमच्या बाईंना विचारा.