पीकोटचा शोध, नोंद ४: लेबल, लोकर आणि कसर

लक्ष्य बदललेले नाही. अमेरिकी नौदलाचा १९६० च्या दशकातला, बटणांच्या दोन रांगांचा, जाड कर्झी लोकरीचा (दाट विणीच्या, लव असलेल्या कापडाचा) पीकोट, म्हणजे खलाशांचा आखूड कोट, हवा आहे. या फेरीत जुन्या कपड्यांच्या विक्रीतले अकरा कोट तपासून झाले. आठ बघताक्षणी बाद, दोन मापात नापास, एक घेतला. आठांपैकी पाच लेबलवरच गेले, म्हणून आधी लेबल.

नौदलाच्या कोटाचे लेबल साधे असते, त्यावर कंत्राटाचा क्रमांक छापलेला असतो. ते बहुधा आतल्या खिशात दडलेले सापडते, तेव्हा खिशाचे अस्तर बाहेर ओढून बघावे. ‘डीएसए १००-६७-सी’ (डीएसए म्हणजे अमेरिकेचे संरक्षण पुरवठा खाते) अशी सुरुवात असेल तर ६७ हे आर्थिक वर्ष. अमेरिकेचे आर्थिक वर्ष तेव्हा १ जुलैला सुरू होई, म्हणजे कंत्राट जुलै १९६६ ते जून १९६७ मधले. कोट प्रत्यक्षात त्यानंतर काही महिन्यांनीही शिवलेला असू शकतो. डीएसए या खात्याचे नाव १९७७ मध्ये डीएलए झाले, त्यामुळे ‘डीएलए’ दिसले की तो कोट आपल्या शोधातला नाही. ‘आरएन’, म्हणजे कपडे विकणाऱ्या कंपनीचा नोंदणी क्रमांक असेल तर कोट बाजारासाठी शिवलेला. धुण्याच्या सूचना असतील तर बहुधा १९७२ नंतरचा, कारण त्या वर्षी तिकडे त्या सक्तीच्या झाल्या.

लेबल फाटलेले असेल तर कापड विचारावे. कर्झीची वीण वरून दिसत नाही. आखूड लव एका दिशेला बसवलेली असते. तळहात एका बाजूने गुळगुळीत सरकतो, उलट फिरवला की किंचित अडतो. नंतरच्या कोटांच्या मेल्टन या सपाट लोकरी कापडात हा फरक जवळजवळ लागत नाही. रंग मात्र दुकानातल्या दिव्याखाली पाहू नये, तिथे गडद निळाही काळाच दिसतो. कोट दाराशी उजेडात न्यावा. बाजूच्या उभ्या खिशांना आतून कॉर्डरॉय असेल तर वय जास्त, आणि ते कॉर्डरॉय विरलेले नसेल तर फारच छान.

आता कसर, म्हणजे लोकर खाणारी कीड. कोट हातचा जातो तो इथेच. कसरीची अळी उघड्यावर खात नाही. तिला अंधार, घाम आणि मळ लागतो. म्हणून क्रम ठरलेला: कॉलरची खालची बाजू, बगला, खिशांचे कोपरे, काजांच्या आतल्या कडा. तांदळाच्या दाण्याएवढी पांढरी नळी किंवा वाळूसारखे कण दिसले की वस्ती आहे असे धरावे. मग पाठ उजेडासमोर ताणून धरावी. एकेरी कापडात टाचणीएवढे छिद्रही चमकते, पण अस्तरामुळे ते झाकले जाते. अशा ठिकाणी बोटाने चाचपावे: लव गेलेली जागा खोलगट आणि खरखरीत लागते. शिवणीजवळची दोन-तीन छिद्रे रफूने भरतात. छातीवर किंवा कॉलरच्या घडीवर असतील तर कोट सोडावा, कारण तिथे कापड सतत वाकते आणि रफू टिकत नाही.

माप घेताना लेबलवरच्या आकड्यावर विसंबू नये. कोट बटणे लावून सपाट ठेवावा, बगलेपासून बगलेपर्यंत मोजावे आणि दुप्पट करावे. छाती ३८ इंच असेल आणि आत स्वेटर घालायचा असेल तर चार इंच मोकळीक धरून ४२ हवेत, म्हणजे सपाट २१. बाही आखूड करता येते. खांदा मात्र उसवून पुन्हा बसवण्याच्या भानगडीत पडू नये. नापास झालेले दोन्ही कोट खांद्यावरच अडले.

घेतलेला कोट लेबलप्रमाणे ६७ चाच आहे. सपाट साडेवीस इंच, म्हणजे थोडा अंगाबरोबर, पण या कोटाची ठेवणच तशी. आत नाव छापलेली पट्टी आहे, तिच्यावर दुसऱ्या शाईने रेघ मारली आहे. म्हणजे कोट किमान दोघांच्या अंगावर गेला. नांगराची बटणे सगळी जुळतात, एकच सैल आहे. डाव्या बगलेत अस्तर चार बोटे उसवले आहे. डांबरगोळ्यांचा वास भरपूर.

कसरीचा पुरावा सापडला नाही, तरी कोट इतर लोकरीत मिसळण्याआधी गोठवायचा. पिशवीत घालून हवा काढावी, तोंड घट्ट बांधावे आणि उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवावे. जाड घड्यांच्या पोटात गारठा उशिरा पोचतो, म्हणून दोन-तीन दिवसांवर भागवू नये. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडली तर दमट हवेतले पाणी लोकरीवर धरते. चोवीस तास बंदच राहू द्यावी. मग सावलीत, वारा खेळेल अशा जागी रुंद खांद्याच्या हँगरवर आठवडाभर. डांबरगोळीचा वास हवेनेच उडतो, अत्तराने फक्त झाकला जातो.

सध्या कोट गोठवणीत आहे, सहावा दिवस. बाहेर आला की आधी बगलेचे अस्तर, मग सैल बटण. बटणाच्या मागे लहान आधार-बटण लावून शिवायचे, म्हणजे ओढ कापडावर न येता आधार-बटणावर येईल. दोऱ्याची उंची कापडाच्या जाडीएवढी ठेवायची. आगकाडी बटणाखाली धरून टाके घातले की ती उंची आपोआप मिळते.