लोझेर्तहून म्वासाकला

दक्षिण फ्रान्समधलं लोझेर्त टेकडीच्या माथ्यावर वसलंय. सकाळी तिथून उतरलं की ओढा, मग चढ, पुन्हा उतार. ल प्वीहून स्पेनमधल्या सांतियागोला जाणाऱ्या ख्रिस्ती यात्रेच्या वाटेवर म्वासाकपर्यंत हेच चालू. रात्री पाऊस झालेला, चिकणमाती बुटांना इतकी धरून बसली की काठीने खरवडत चालावं लागलं. आपल्या दिंडीत टाळ-मृदंगाच्या नादात चढ कळत नाही. इथे माणसं एकेकटी, मुकाट चालतात.

माझ्या डोक्यात मात्र प्रत्येक चढाला एक सायकल होती. हा मुलूख मोंतोबाँच्या धर्मप्रांतातला. ऑगस्ट १९४२ मध्ये जर्मनांशी हातमिळवणी केलेल्या फ्रान्सच्या विशी सरकारचे पोलीस परदेशातून आलेल्या ज्यूंना पकडून जर्मनांच्या हवाली करत होते. तुलूझचे आर्चबिशप सालियेज यांनी २३ तारखेला निषेधाचं पत्र चर्चमधून वाचायला लावलं. पाठोपाठ मोंतोबाँचे बिशप प्येर-मारी तेआस यांनी लिहिलं: आर्य असोत वा नसोत, सगळी माणसं भाऊ आहेत, कारण एकाच देवाने ती घडवली. पत्र टपालाने धाडायचं घाटत होतं. पण मारी-रोझ जिनेस्त या तिशीतल्या बाई अडून बसल्या, टपाल सेन्सॉरच्या हाती पडणार म्हणून. त्यांनी प्रती काढल्या आणि सायकलवर टांग टाकून गावोगावच्या पाद्र्यांकडे पोचवल्या. ३० ऑगस्टच्या रविवारी पत्र वाचलं गेलं. फ्रान्समधले बहुतेक बिशप तेव्हा मूग गिळून होते, म्हणून या मोजक्या पत्रांचं मोल.

म्वासाकच्या मठात ११०० सालचा चौक आहे, ७६ कोरीव स्तंभशीर्षांचा. सगळे तिथेच रेंगाळतात. मी नदीकाठच्या धक्क्यावर गेलो. शात्ता आणि बुली सिमों हे जोडपं इथल्या एका घरात ज्यू मुलांना सांभाळायचं; युद्धकाळात सुमारे ५०० मुलं इथे राहून गेली. धाड पडणार अशी कुणकुण लागली की मुलं 'कॅम्पिंगला' निघायची. पुढे १९४३ मध्ये घर बंद करून त्यांना खोट्या नावांनी पांगवलं.

तेआस यांना जून १९४४ मध्ये जर्मनांनी उचललं, काँपियेन्यच्या छावणीत डांबलं. युद्धानंतर ते लूर्दचे बिशप झाले. मुक्कामी जेवताना मी हे सगळं काढलं, तर लूर्दच्या नेमाने वाऱ्या करणाऱ्या एका आजींना त्यांचं नावही ठाऊक नव्हतं. जिनेस्तबाईंची सायकल आता जेरुसलेमला याद वाशेम या ज्यू हत्याकांडाच्या स्मारकात आहे म्हटल्यावर आजींनी सूप बाजूला सारलं आणि विचारलं, "गिअरची होती का हो?"