चार टेकड्या आणि एक अख्खा भेजा

पहिल्या इंटर्नलच्या व्हायव्हाला मॅडमनी ट्रेमधल्या मेंदूवर चिमटा टेकवला. "हे काय?" "सुपिरिअर कॉलिक्युलस." इथवर ठीक. "काम काय याचं?" "बघणं." "बघणं मेंदूच्या मागच्या सालीचं, कॉर्टेक्सचं. याचं काय?" मी गप्प. वीसपैकी सात.

फेरपरीक्षेला तीन आठवडे होते. पुस्तकातल्या आकृत्या पाठ होत आणि पुसल्या जात. शेवटी कॅम्पात जाऊन मटणवाल्याला म्हटलं, "सत्तूर मधोमध घालू नका, भेजा अख्खा द्या." तो घरी आणेपर्यंत दह्यासारखा फुटला. फोनवर आई म्हणाली, "अरे, हळद-मीठ घालून उकड की, घट्ट होतो." परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी दुसरा आणला आणि तसाच उकडला. शाकाहारी रूम पार्टनर त्या रात्री मित्राकडे झोपायला गेला.

लहान मेंदू अंगठ्याने हळूच मागे वाकवला आणि दिसलं! पिनियल ग्रंथी, आणि तिच्या मागे मध्यमेंदूच्या पाठीवर चार उंचवटे. कॉलिक्युलस म्हणजे लॅटिनमध्ये छोटी टेकडी. पुण्याच्या पोराला हे आधी कुणी सांगितलं असतं तर? बकऱ्यात पुढची जोडी मागचीपेक्षा चांगलीच मोठी असते, माणसात फरक थोडाच. पुढची, म्हणजे सुपिरिअर कॉलिक्युलस, बघण्याशी जोडलेली, मागची ऐकण्याशी. पुढच्या टेकडीचा छेद घेतला, पण तिचे सात थर काही नुसत्या डोळ्यांना दिसले नाहीत, ते स्लाइडवरच.

थरांचं कोडं मात्र आधीच अलका टॉकीजच्या चौकात सुटलं होतं. डावीकडून स्कूटरचा हॉर्न वाजला आणि काय झालं ते कळायच्या आत माझी मान वळलेली! वरचे तीन थर फक्त दृश्याचे: रेटिनातून, म्हणजे डोळ्याच्या पडद्यातून, आणि कॉर्टेक्सकडून तारा तिथे येतात. खालच्या चारांत आवाज, स्पर्श आणि हालचाल एकाच नकाशावर बसवलेले असतात. टेकडीच्या पुढच्या टोकाला समोरचं, मागच्या टोकाला कडेचं; आतल्या बाजूला वरचं, बाहेरच्या बाजूला खालचं. उजवी टेकडी डावीकडचं बघते. खालच्या थरांतून निघालेल्या तारा मध्यरेषा ओलांडून डोळे फिरवणाऱ्या केंद्रांकडे आणि मानेकडे उतरतात. १९७२ मध्ये रॉबिन्सन नावाच्या संशोधकाने माकडाच्या याच टेकडीत बारीक विजेचा झटका दिला. जागा बदलली की डोळ्यांची उडी बदले.

मग आपले डोळे दिवसभर भिरभिरत का नाहीत? कारण सबस्टॅन्शिया नायग्रा, मध्यमेंदूतलाच एक काळसर भाग, खालच्या थरांवर सतत हात दाबून बसलेली असते. हात क्षणभर उचलला की डोळे उडी मारतात. मला तरी सगळ्यात हेच आवडलं.

उंदरात रेटिनाच्या बहुतेक गँग्लियन पेशींच्या (डोळ्यातून मेंदूकडे संदेश धाडणाऱ्या पेशी) तारा इथे येतात, माकडात दहाएक टक्के. म्हणूनच माणसाच्या पुस्तकात याला अर्धं पान मिळत असावं.

सकाळी मॅडमनी तोच चिमटा, तीच जागा. "काम?" "कुठे बघायचं ते ठरवून डोळे-मान तिकडे वळवणं." "पिनियलची गाठ वाढली तर?" "या भागावर दाब येतो, रुग्णाला नजर वर नेता येत नाही. पॅरिनॉड सिंड्रोम."

त्यांनी मार्क लिहिले, मग माझ्या हातांकडे पाहिलं. "नखं पिवळी का रे?"

"हळद, मॅडम."


"लग्न ठरलं की काय?"