वडिलांच्या स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोमचे निदान आणि उपचार : माझा अनुभव

चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या वेदनेसाठी वडिलांना कार्बामाझेपिन सुरू करून तिसरा आठवडा चालू असताना त्यांना ताप आला, डोळे लाल झाले, गिळणे अवघड झाले आणि पाठोपाठ छातीवर जांभळट चट्टे व तोंडात फोड उठले. रुग्णालयात दाखल केल्यावर हा स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम, म्हणजे बहुधा औषधाच्या प्रतिक्रियेमुळे त्वचेचा वरचा थर सुटणारा गंभीर आजार, असावा असे वाटून त्वचारोगतज्ज्ञांनी मला सर्वांत आधी एक काम सांगितले : गेल्या दोन महिन्यांत वडिलांनी घेतलेले प्रत्येक औषध, ते सुरू केल्याच्या तारखेसह लिहून काढायचे. रक्तदाबाची गोळी अनेक वर्षांची होती आणि पॅरासिटामॉल ताप आल्यानंतर दिलेले होते, म्हणून या दोन्हींवरचा संशय मागे पडला. या आजाराला कारणीभूत ठरणारे औषध बहुतेक वेळा लक्षणांपूर्वी ४ ते २८ दिवसांच्या आत सुरू झालेले असते आणि कार्बामाझेपिन नेमके त्या मुदतीत बसत होते. बायोप्सीच्या (त्वचेचा तुकडा काढून केलेल्या तपासणीच्या) अहवालाची वाट न पाहता ते तत्काळ बंद करण्यात आले. माझ्या मते संपूर्ण उपचारातला सर्वांत मोलाचा निर्णय हाच होता.

चट्ट्याशेजारच्या त्वचेवर बोटाने हलके दाबून सरकवताच वरचा थर सुटून येत होता. रुग्णाचा बोटांसह तळहात म्हणजे शरीराचा सुमारे १ टक्का, या हिशेबाने सुटलेली त्वचा मोजली गेली. ती १० टक्क्यांहून कमी असल्यास स्टीव्हन्स-जॉन्सन आणि ३० टक्क्यांहून अधिक असल्यास टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलिसिस, म्हणजे त्याच आजाराचे अधिक गंभीर रूप, म्हणतात. वडिलांचा आजार पहिल्या गटात राहिला.

अतिदक्षता विभागात भाजलेल्या रुग्णासारखीच काळजी घेतली गेली : उबदार खोली, सलाइन, नाकातल्या नळीवाटे आहार, न चिकटणारी ड्रेसिंग. संसर्गाची चिन्हे नसताना अँटिबायोटिक का देत नाहीत, असे मी काळजीने विचारले, तेव्हा नुसत्या खबरदारीपोटी ती दिल्याने फायदा होत नाही, उलट औषधांना न जुमानणारे जंतू वाढतात, हे डॉक्टरांनी शांतपणे समजावले. डोळ्यांकडे मात्र नातेवाइकांनी विशेष लक्ष द्यावे, कारण त्वचा भरून आली तरी पापण्या बुबुळाला चिकटून दृष्टी कायमची अधू होऊ शकते. नेत्रतज्ज्ञ रोज येऊन असे चिकटलेले भाग सोडवत आणि परिचारिका ठरल्या वेळी थेंब घालत.

घरी सोडताना मिळालेल्या कार्डावर कार्बामाझेपिनबरोबर फेनिटोइन आणि फिनोबार्बिटोन ही फिट्सवरची औषधेसुद्धा वर्ज्य म्हणून नोंदवली आहेत, कारण त्यांची रचना मिळतीजुळती आहे. ते कार्ड वडील सतत खिशात ठेवतात आणि डोळ्यांच्या कोरडेपणासाठी त्यांची नियमित तपासणी अजून चालू आहे.