एमएम, एमसी आणि अण्णांचे कान

सोलापुरात ऑडिओ रिपेअरीचं काम म्हणजे बहुतेक होम थिएटरचे जळालेले अ‍ॅम्प, मंडळांचे मिक्सर, फाटलेले वूफर. रेकॉर्ड प्लेअरचा कॉल क्वचित येतो, म्हणून पूर्व भागातनं अशोक चौकाकडनं फोन आला की टर्नटेबलचा आवाज दबका येतोय, तेव्हा हातातलं काम बाजूला ठेवून एप्रिलच्या भर उन्हात निघालो.

अण्णांचा टॉवेलचा कारखाना होता, सगळी हयात पॉवरलूमच्या खडखडाटात गेलेली. आता माग बंद. पुण्यात नोकरीला असलेल्या पोरानं त्यांच्या जुन्या रेकॉर्डींसाठी हौसेनं नवा सेट घेऊन दिलेला, बेल्ट ड्राइव्ह टर्नटेबल, रेकॉर्डचा बारीक सिग्नल आधी वाढवून देणारा वेगळा फोनो प्रीअ‍ॅम्प, अ‍ॅम्प्लिफायर आणि बुकशेल्फ स्पीकर. एकेक वस्तू चांगली, नाव ठेवायला जागा नाही. पण अण्णा रोज म्हणायचे तानपुरा ऐकू यीना, आणि घरात सगळ्यांनी ठरवून टाकलेलं की कान गेले. सूनबाई दारातच हळू आवाजात म्हणाल्या, "मागानं कान गेलेत ओ त्यांचे, आम्ही कानाचं मशीन घ्यायचं बघायलोय, पण तुम्ही एकदा बघून जावा, म्हणजे त्यांचं समाधान तरी होईल." दुकानवाल्यानंही फोनवर सांगितलेलं, जुन्या रेकॉर्डी अशाच वाजणार.

घरच्यांची शंका अगदीच खोटी नव्हती. मागाच्या शेडमध्ये आवाज ९० डेसिबलच्या वर जातो आणि अशा आवाजानं कान पहिल्यांदा ४ किलोहर्ट्झच्या आसपास मार खातो, म्हणजे बोलणं कळतं पण बारीक, वरचं काही लागत नाही. त्यामुळं अण्णांनी स्वतःही ते मनाला लावून घेतलेलं, आवाज लावायचं पण कमी केलेलं.

मी म्हणलो, आधी वाजवा तरी. गायक मल्लिकार्जुन मन्सूरांची एलपी लावली. डग्गा भरपूर घुमतोय, पण तबल्याच्या चाटेवरचा, म्हणजे कडेवरचा, 'ना' कुठंच नाही, हार्मोनियम गोधडीखालनं आल्यासारखी, तानपुरा तर गायबच. आणि हे सगळं मला तसंच ऐकू येत होतं! मी काय मागावर काम केलेलं नाही. मग मोबाईल थेट अ‍ॅम्पच्या ऑक्सला लावून एक भजन वाजवलं तर लख्ख, टाळ सुद्धा सुटा सुटा. म्हणजे अ‍ॅम्प ठीक, स्पीकर ठीक, घोळ रेकॉर्ड आणि अ‍ॅम्पच्या मधेच कुठंतरी.

कार्ट्रिजचा, म्हणजे सुई जिच्यात बसते आणि जी सुईच्या हलण्याचा सिग्नल करते तिचा, नंबर बघितला, साधी मूव्हिंग मॅग्नेट, म्हणजे एमएम, हिच्यात सुईबरोबर चुंबक हलतं. फोनो प्रीअ‍ॅम्प उलटा केला, खाली बारके पांढरे स्विच, नखानं सरकवायचे, आणि ते एमसीवर, म्हणजे चुंबकाऐवजी कॉइल हलणाऱ्या मूव्हिंग कॉइल कार्ट्रिजसाठी! लोड, म्हणजे कार्ट्रिजसमोर येणारा रोध, १०० ओहम. पोराला फोन लावून विचारलं तर म्हणाला, दुकानात सांगितलं की एमसी भारी असतं, म्हणून तिकडं ठेवलंय.

एमसी भारी असतं हे कार्ट्रिजबद्दल खरं असेल, पण स्विच काय तुमची कार्ट्रिज बदलत नाही ना. एमएम कार्ट्रिज ४-५ मिलिव्होल्ट देते आणि तिला समोर ४७ किलोओहम लागतात. एमसी देते अर्धा मिलिव्होल्टच्या आत, म्हणून तिच्यासाठी गेन, म्हणजे सिग्नल किती वाढवायचा ते, ४० डीबीचा ६० डीबी करतात आणि लोड १०० ओहमच्या आसपास ठेवतात. आता एमएमची कॉइल मोठी असते, साधारण ५०० मिलिहेन्री, आवाज जेवढा वरचा तेवढा ती जास्त अडवते, ती १०० ओहमवर टाकली की दोन-तीनशे हर्ट्झच्या वर सिग्नल उतरतच जातो, ३ किलोहर्ट्झला पोचेपर्यंत वीसेक डीबी खाली. आणि फसवणारी गोष्ट अशी की लोडनं खालचा आवाज जेवढा दाबला जातो तेवढा तो जास्तीचा गेन भरून काढतो, म्हणून खर्ज नेहमीएवढाच मोठा ऐकू येतो. आवाज कमी नाही, खरखर नाही, मग सेट बिघडलाय असं कुणाच्या डोक्यात कसं येणार, संशय थेट म्हाताऱ्या माणसाच्या कानावर. मला याचा लई राग आला, खरंच.

अ‍ॅम्प बंद केला, स्विच एमएमवर, लोड ४७ के. कपॅसिटन्सचा, म्हणजे विजेचा भार साठवायच्या क्षमतेचा, स्विचही १०० पिकोफॅरडवर आणला, कारण वायरचा कपॅसिटन्स त्यात मिळतोच आणि तो जास्त झाला तर एमएमचा वरचा आवाज बिघडतो. परत तीच बाजू लावली.

तानपुरा आला. अण्णा काही बोलले नाहीत आधी, खुर्ची पुढं ओढली, मग सुनेकडं बघून म्हणाले, "ऐकायलीस का? हे म्हणत होतो मी." आणि लगेच, त्या कानाच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट रद्द कर म्हणाले.

मीच म्हणलो, अण्णा, रद्द नका करू, तपासून घ्याच, इतकी वर्षं मागावर काढलीत, थोडं गेलेलं असेलच. ते नाराजीनं हो म्हणाले. मग वजन काट्यावर सुईचा भार बघितला, कंपनीनं सांगितलेला २ ग्रॅम होता, तो बरोबर निघाला. प्रीअ‍ॅम्पच्या खाली कागदी टेप लावून त्यावर मार्करनं 'एमएम, ४७ के, हात लावू नये' असं लिहिलं आणि पोराला त्याचा फोटो पाठवला.